दुसऱ्या वॉटसनचं प्रकरण

१९११ साली ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात ग्रिफन क्लब नावाच्या छोट्या मंडळापुढे रोनाल्ड नॉक्स या तरुणाने एक निबंध वाचला. वय २३. वडील मँचेस्टरचे बिशप, आणि नॉक्स स्वतः पुढच्याच वर्षी चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री होणार होता. निबंधाचा विषय शेरलॉक होम्स. होम्सच्या बहुतेक सगळ्या कथा डॉ. वॉटसनच्या तोंडून येतात. नॉक्सने विचारलं, हा वॉटसन एकच आहे, की दोन आहेत?

तेव्हा या कथांचे लेखक आर्थर कॉनन डॉयल पन्नाशी ओलांडून हयात होते, लिहिते होते. पत्र टाकलं असतं तर उत्तर आलं असतं. तरीही नॉक्सने लेखक कोण हे फक्त मजकुरावरून ठरवायला घेतलं, जसं त्या काळी बायबलच्या बाबतीत चाललं होतं. मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते यासाठी. एखादी पद्धत किती विश्वासाची आहे हे पाहायचं असेल, तर जिथे उत्तर आधीच ठाऊक आहे तिथे ती चालवून बघावी.

नॉक्सचं साहित्य अस्सल होतं. 'द मॅन विथ द ट्विस्टेड लिप' ही १८९१ च्या डिसेंबरातली कथा घ्या. रात्रीची वेळ आहे. वॉटसन दमून खुर्चीत बसला आहे, बायको भरतकाम करते आहे, आणि दारावरची घंटा वाजते. ओळखीची एक बाई रडतच आत येते. तिचा नवरा अफूच्या अड्ड्यावर गेला तो दोन दिवस परतलेला नाही. वॉटसनची बायको तिला धीर देते आणि म्हणते, तुला मोकळेपणी बोलायचं असेल तर जेम्सला झोपायला पाठवू का? आता पहिल्या कादंबरीत वॉटसनचं नाव स्वच्छ छापलेलं आहे, जॉन एच. वॉटसन. बायको स्वतःच्या नवऱ्याला जेम्स कशी म्हणेल?

जखमेचंही तसंच. पहिल्या कादंबरीत वॉटसन मुंबईला उतरतो, आपली पलटण गाठायला कंदाहारकडे जातो आणि मैवंदच्या लढाईत त्याला गोळी लागते ती खांद्याला. दुसऱ्या कादंबरीत तीच गोळी पायात गेलेली आहे. पहिल्या कादंबरीतल्या होम्सला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे माहीत नाही, कार्लाइल कोण हे माहीत नाही, आणि वॉटसन त्याच्या वाङ्मयज्ञानापुढे शून्य मांडतो. थोड्याच कथांनंतर हाच माणूस हाफिज आणि गटे यांची वचनं सहज सांगतो. १८९३ मध्ये रायखेनबाखच्या धबधब्यात होम्सचा कट्टर शत्रू प्राध्यापक मोरिआर्टी मरतो, होम्सही त्याच्याबरोबर गेला असं वॉटसन समजतो, तेव्हा जेम्स हे त्याच्या भावाचं नाव असतं. १९०३ मध्ये होम्स परत येतो, तेव्हा खुद्द प्राध्यापकच जेम्स मोरिआर्टी झालेला असतो.

या सामग्रीवर नॉक्सने काल्पनिक जर्मन पंडित उभे केले. त्यांतल्या बाक्नेकेचं म्हणणं असं की धबधब्यानंतरच्या कथा कुणा 'दुसऱ्या वॉटसन'च्या. नॉक्सने होम्सकथेचे अकरा अवयव पाडले आणि प्रत्येकाला ग्रीक नाव दिलं. शेवटी स्वतःचा निकाल दिला तो असा: सगळ्या कथा एकाच वॉटसनच्या, पण आधीच्या खऱ्या घडलेल्या आणि परतीनंतरच्या वॉटसनने मनाने रचलेल्या. म्हणजे होम्स धबधब्यातच मेला.

हे विडंबन कुणाचं होतं ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. जर्मन विद्यापीठांतून शंभरेक वर्षं हे काम चाललं होतं. बायबलच्या जुन्या करारातल्या यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात ४०व्या अध्यायापासून काळ बदलतो, सूर बदलतो, म्हणून तिथून पुढे 'दुसरा यशया' मानला गेला. १८९२ मध्ये बर्नहार्ड डूमने त्यातूनही तिसरा वेगळा काढला. ट्यूबिंगेनच्या बाऊरने १८४५ मध्ये येशूचा प्रेषित पौल याच्या नावावर बायबलमध्ये असलेल्या तेरा पत्रांपैकी फक्त चार पौलाची म्हणून ठेवली: रोमकरांस एक, करिंथकरांस दोन आणि गलतीकरांस एक. नॉक्सला या पद्धतीची चीड होती. श्रद्धेचा पाया असलेले ग्रंथ अशा तुकड्यांनी कापले जातात हे त्याला खुपत होतं, आणि होम्सवरचं त्याचं प्रेमही तितकंच खरं होतं. लहानपणी त्याने आणि त्याच्या भावांनी होम्सकथांतल्या चुकांची यादी करून डॉयलना पाठवली होती. पाकिटात संत्र्याच्या पाच वाळलेल्या बियाही घातल्या होत्या, त्यांच्याच एका कथेत असतात तशा.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या टोपणनावाने हाच वाद आपल्याकडे घातला. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा उल्लेख नाही, अभंग विठ्ठलभक्तीने ओथंबलेले आहेत, तेव्हा ज्ञानेश्वरीकार निराळे आणि अभंगकार निराळे, असं त्यांनी मांडलं. वारकऱ्यांना ते किती लागलं असेल याची कल्पना येते. नॉक्सला जे लागलं ते याच जातीचं होतं.

डॉयलची प्रतिक्रिया १९१२ मध्ये पत्राने आली. अशा लेखनावर कुणी एवढे कष्ट घेईल याचंच त्यांना आश्चर्य वाटलं होतं, आणि या कथांबद्दल माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहिती आहे, असं त्यांनी मोकळेपणी कबूल केलं. त्यांना जे ठाऊक होतं ते साधं होतं. लेखक एकच. मासिकाचा अंक तोंडावर आलेला असताना त्यांनी भराभर लिहिलं होतं आणि मागचं उघडून पाहिलं नव्हतं. त्यांचा जीव ऐतिहासिक कादंबऱ्यांत होता, होम्स त्यांना मोठ्या कामाच्या आड येणारा वाटत होता. १८८७ ते १९२७ अशा चाळीस वर्षांत मिळून चार कादंबऱ्या आणि ५६ कथा झाल्या. एवढ्या पसाऱ्यात जॉनचा जेम्स होणारच.

मी मुद्रितशोधन करतो, त्यामुळे यात मला नवल वाटलं नाही. एका कादंबरीच्या प्रुफांत नायिकेची मावशी तिसऱ्या प्रकरणात सुमन होती, अकराव्यात कुसुम झाली, आणि एका ठिकाणी वारल्यावर पुन्हा दिवाळीला आली. लेखक एकच होते, मी त्यांच्याशी रोज फोनवर बोलत होतो. विचारल्यावर म्हणाले, मधे आठ महिने लिखाण थांबलं होतं. विसंगती सांगते ती घाई, खंड, विसर. ती दुसरा माणूस सांगेलच असं नाही.

विसंगती दिसली की लेखक तोडायचे हा एक मार्ग झाला, पण त्याच्या उलट मार्गावरही माणसं चालतात. डोरोथी सेयर्स या रहस्यकथालेखिकेने जेम्सचा पेच सोडवला. जॉन एच. वॉटसनमधला 'एच' म्हणजे हेमिश, तो जेम्सचाच स्कॉटिश अवतार, म्हणजे बायको नवऱ्याला त्याच्या मधल्या नावाने हाक मारते आहे. तोड सुंदर आहे. दुसऱ्या शतकात तातियन या ख्रिस्ती लेखकाने येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं एकात ओवून सलग कथा केली, ती याच ओढीने: मजकूर आपला आहे, प्रिय आहे, तेव्हा त्यात खोट निघता कामा नये. सेयर्सनी पुढे येशूच्या जीवनावर बीबीसीसाठी नाट्यमालाही लिहिली. एकाच माणसात ही दोन प्रेमं नांदतात हे मला वरवरचं वाटत नाही. दोन्हीकडे वाचक मजकुराशी इतक्या जवळ बसलेला असतो की एका शब्दावरून त्याची झोप उडते.

आता खरा प्रश्न. नॉक्सच्या निबंधाने बायबलची चिकित्सा खोटी पडली का? पुष्कळ श्रद्धावंत तो निबंध तसाच वापरतात, आणि मला ते पटत नाही. नॉक्सने एक पाय काढून घेतला, हे खरं. नुसत्या विसंगती मोजून लेखक मोजता येत नाहीत. पण उलटही पाहावं लागतं, आणि त्यासाठी रहस्यकथेतलंच दुसरं उदाहरण हाताशी आहे.

१९२९ मध्ये 'एलरी क्वीन' या नावाने पहिली कादंबरी आली. डिटेक्टिव्हचं नाव एलरी क्वीन आणि लेखकाचंही तेच. त्या नावामागे ब्रुकलिनमधले दोन मावसभाऊ होते, फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली. त्यांनी बार्नबी रॉस असं दुसरंही नाव घेतलं आणि चेहऱ्यावर मुखवटे चढवून जाहीर सभेत क्वीन विरुद्ध रॉस असा वाद घातला. वाचकांना ते दोन प्रतिस्पर्धी लेखक वाटले. १९६३ मध्ये क्वीनच्या नावावर आलेली कादंबरी थिओडोर स्टर्जनने लिहिली होती, १९६४ ची अव्हरम डेव्हिडसनने. आराखडा डॅनेचा, वाक्यं दुसऱ्याची, वेष्टनावर नाव तिसरंच. एकीकडे विसंगती ढीगभर आणि लेखक एक, दुसरीकडे नाव एक आणि हात अनेक. पौलाची पत्रं चाचपताना या दोन्ही टोकांची आठवण ठेवावी लागते. त्याच्याही मागे लिहून घेणारी माणसं होती. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तियु मधेच डोकं वर काढतो आणि म्हणतो, हे पत्र लिहून घेणारा मी, माझाही तुम्हाला सलाम.

मग धरायचं काय? माझ्या धंद्यातला अनुभव असा की लेखक ओळखू येतो तो त्याचं ज्याच्याकडे लक्ष नसतं त्यावरून. एक जण 'आणि' लिहितो, दुसऱ्याच्या हातून 'व' सुटत नाही. एकाची वाक्यं 'पण'ने वळतात, एकाची 'मात्र'ने. मावशीचं नाव लेखक उद्या दुरुस्त करेल, 'मात्र' त्याला दिसतसुद्धा नाही. नक्कल करणारा मोठे शब्द उचलतो, विचार उचलतो, आवडती वाक्यं उचलतो. सांधे मात्र त्याचे स्वतःचेच राहतात.

पी. एन. हॅरिसन या इंग्रज अभ्यासकाने १९२१ मध्ये हेच मोजलं. तीमथ्य आणि तीत या आपल्या सहकाऱ्यांना, तीमथ्याला दोन आणि तीताला एक, अशी तीन पत्रं पौलाच्या नावावर आहेत. त्यांत विशेषनामं सोडून ८४८ निरनिराळे शब्द भरतात, आणि त्यांतले ३०६ पौलाच्या नावावरच्या बाकी दहा पत्रांत एकदाही येत नाहीत. त्याहून जड पुरावा छोट्या शब्दांचा. पौल ज्या अव्ययांनी आणि शब्दयोगींनी वाक्यं जोडतो, त्यांतले कितीतरी या तीन पत्रांतून गायब आहेत. शिवाय पत्रांत मंडळीची, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायाची, व्यवस्था स्थिरावलेली दिसते: अध्यक्ष कसा असावा, विधवांची यादी कशी ठेवावी. विषय बदलला की शब्द बदलतात, वय वाढलं की बदलतात, लेखनिक बदलला की बदलतात, या हरकती खऱ्या आहेत, आणि तीन छोट्या पत्रांवरून आकडेवारी फार ताणू नये हेही खरं. तरी सगळं एकत्र ठेवल्यावर ही तीन पत्रं पौलाच्या हातची नाहीत, या बाजूला मी झुकतो. बहुसंख्य अभ्यासकही तिकडेच आहेत. निर्विवाद म्हणून आज सात पत्रं धरली जातात, बाऊरच्या चारांपेक्षा तीन जास्त. म्हणजे ही पद्धत नुसती कापत सुटली नाही, चुकलं तिथे तिने परतही घेतलं.

एका जागी मात्र मी अडतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल निरोप देतो: येशील तेव्हा त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. थोडं पुढे म्हणतो, हिवाळ्याच्या आत यायचं बघ. म्हातारा माणूस, तुरुंग, थंडी, विसरलेला झगा. यात शिकवण काहीच नाही. खोटं पत्र रचणारा कार्पाचं नाव कशाला घालेल? वाचताना छातीत काहीतरी हलतं. आणि नेमकं तेव्हा रहस्यकथांचा वाचक माझ्यात जागा होतो. चांगला रचणारा असाच निरुपयोगी तपशील घालतो, कारण निरुपयोगी तपशीलच खरा वाटतो. वॉटसनच्या कथा आपल्याला खऱ्या का वाटतात? पर्शियन पादत्राणाच्या टोकात ठेवलेल्या तंबाखूमुळे. हॅरिसनने मधला मार्ग काढला. पत्र पुढच्या पिढीचं, पण झग्याच्या या ओळी पौलाच्या खऱ्या चिठ्ठीतल्या, कुणीतरी जपून ठेवून मोठ्या पत्रात बसवलेल्या. हे सिद्ध करता येत नाही. मी मात्र त्या झग्यावर विश्वास ठेवतो, आणि हा विश्वास पुराव्याच्या पुढे गेलेला आहे हे जाणून ठेवतो.

नॉक्सने आणखी एक गोष्ट नजरेआड केली. ही चिकित्सा जर्मनांनी शोधलेली नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप डायोनिसियस यांनी योहानाचं शुभवर्तमान आणि बायबलमधला शेवटचा ग्रंथ प्रकटीकरण शेजारी ठेवून वाचले. एकाची ग्रीक नितळ, दुसऱ्याची अडखळती, व्याकरण चुकवणारी. त्यांनी निष्कर्ष काढला की दोन्ही एका योहानाचे नाहीत, आणि आधाराला सांगितलं की इफिसात योहानाच्या म्हणून दोन कबरी दाखवतात. प्रकटीकरणावरचा आदर त्यांनी तसूभरही कमी केला नाही. त्याच शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने इब्री लोकांस पत्राबद्दल लिहिलं की विचार पौलाचे वाटतात, भाषा दुसऱ्याची, आणि लिहिलं कुणी ते देवच जाणे. ही श्रद्धावंत माणसं होती आणि त्यांना सांधे दिसत होते. एकनाथांनीही ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करून बजावलं होतं की या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली. नरोटी ओळखायला आधी अमृताची चव माहीत असावी लागते.

या सगळ्या संशयितांत एकच जण असा आहे की ज्याचा कबुलीजबाब आपल्यापर्यंत आला. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने बाप्तिस्म्यावरच्या पुस्तकात त्याची हकिगत चार ओळींत सांगितली आहे. पौलाची कृत्यं सांगणारा एक ग्रंथ फिरत होता. त्यात थेक्ला नावाची तरुणी पौलाचं बोलणं खिडकीतून ऐकून ठरलेलं लग्न मोडते, पुढे तिला श्वापदांपुढे टाकतात, तेव्हा ती सील प्राण्यांनी भरलेल्या हौदात उडी घेऊन स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देते. तिचा दाखला देऊन बायका शिकवण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा हक्क मागत होत्या, म्हणून तर्तुलियनला हे प्रकरण काढावं लागलं. तो सांगतो की आशिया प्रांतातल्या मंडळीच्या एका 'वडिलाने', म्हणजे धर्मसेवकाने, हे रचलं. तो पकडला गेला. त्याने कबूल केलं की पौलावरच्या प्रेमापोटी आपण हे केलं. त्याला पदावरून काढलं.

त्याचं नाव तर्तुलियन देत नाही. तो मजकुरातल्या विसंगतीने सापडला की शेजाऱ्याने सांगितल्याने, हेही देत नाही. कबुलीत पैसा नाही, सत्ता नाही, फक्त ते एक कारण. होम्स धबधब्यात पडला तेव्हा लोकांनी डॉयलना रागाची पत्रं धाडली, आणि आजही होम्सच्या नव्या कथा लिहिल्या जातात. त्या माणसांना विचारलं तर उत्तर याहून वेगळं येणार नाही. फरक इतकाच की त्या कथांवर डॉयलची सही नसते. या वडिलाच्या ग्रंथातच पौलाच्या नावाचं करिंथकरांस तिसरं पत्रही होतं, आणि ते सिरियातल्या आणि आर्मेनियातल्या मंडळ्यांनी बराच काळ खरं मानून वाचलं. शिक्षा माणसाला झाली, लिहिलेलं निसटलं. ३८४ च्या सुमारास एगेरिया नावाची यात्रेकरू बाई सेल्युकियाजवळच्या थेक्लाच्या स्थानी पोचली, तिथे तिने प्रार्थना केली आणि थेक्लाची कथा पूर्ण वाचली.

त्याच ग्रंथात पौलाचं वर्णन आहे. रस्त्यावरून येताना दिसतो तो ठेंगणा, टक्कल पडलेला, पाय वाकडे, भुवया जुळलेल्या, नाक किंचित बाकदार. पौलाच्या खऱ्या पत्रांत त्याच्या चेहऱ्याबद्दल असं काहीही नाही. होम्सची डोक्यावरची टोपीही अशीच बाहेरून आली. 'डीअरस्टॉकर' हा शब्द डॉयलनी कुठेच लिहिलेला नाही, ती टोपी मासिकाचा चित्रकार सिडनी पॅजेटने काढली. चर्चच्या भिंतीवर पौल काढायला घेतलेले चित्रकार मात्र शतकानुशतकं त्या काढून टाकलेल्या वडिलाने पाहिलेलं टक्कलच काढत आले.